जिवाणू बदलतो, तरी ओळखू येतो कसा?

प्रश्न : काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात, तर माणसाची एक पिढी घडायला २५-३० वर्षे लागतात. मग जंतूंना ओळखणारे आपले रिसेप्टर (पेशींमधली ओळख पटवणारी प्रथिने) उत्क्रांतीच्या या शर्यतीत मागे कसे पडत नाहीत? आणि मुळात ते आले कुठून?

उत्तर : शर्यत खरी आहे, पण जिवाणूचा प्रत्येक भाग बदलायला सारखाच मोकळा नसतो. काही भाग असे असतात की, ते बदलले तर जिवाणूचेच काम अडते, आणि जन्मजात प्रतिकारशक्तीचे, म्हणजे आधी संसर्ग झालेला नसतानाही तयार असणाऱ्या संरक्षणाचे, रिसेप्टर नेमके अशाच भागांवर नजर ठेवतात. प्रतिकारशक्तीचे अभ्यासक चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती बहुतांशी तर्कावर उभी होती. पुढच्या दहा वर्षांत तिला भक्कम पुरावे मिळाले.

यातले सर्वांत बोलके उदाहरण जिवाणूच्या शेपटीचे, म्हणजे कशाभिकेचे आहे. फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाचे हजारो रेणू एकमेकांत अडकून ही शेपटी तयार होते. रेणूचा जो भाग शेपटीच्या बाहेरच्या बाजूला येतो, तो जिवाणूगणिक वेगळा असतो. अँटिबॉडी, म्हणजे जंतूला चिकटण्यासाठी शरीर घडवते ती प्रथिने, बहुधा त्याच भागाला चिकटतात आणि तो बदलला की फसतात. आपल्या पेशींवरचा टीएलआर-५ (टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर, ‘टोल’सारखा रिसेप्टर; टोलविषयी पुढे) हा रिसेप्टर मात्र त्या भागाच्या वाटेलाच जात नाही. तो धरतो आतला भाग, ज्याच्या आधारे एक रेणू शेजारच्या रेणूत घट्ट बसतो. अखंड शेपटीत हा भाग झाकलेला असल्यामुळे टीएलआर-५ला सुटे पडलेले रेणूच सापडतात, पण तेवढे पुरते. जिवाणूने या भागात फेरफार केला, तर शेपटी नीट जुळत नाही आणि पोहणे बिघडते.

तरीही यातून पळवाट निघते. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने हाच भाग बदलला आहे आणि त्यामुळे ढिली पडणारी जुळणी रेणूतच दुसऱ्या ठिकाणी बदल करून सावरली आहे. असे दोन्हीकडचे बदल जमून यावे लागतात, म्हणून ही वाट थोड्यांनाच साधते. प्लेगच्या जिवाणूची युक्ती याहून सोपी आणि मला विचाराल तर अधिक धूर्त आहे. त्याच्या बाह्य आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड या रेणूला थंड तापमानात, म्हणजे पिसवेच्या शरीरात असताना, प्रामुख्याने सहा मेदाम्ल-साखळ्या असतात. ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरात, तो मुख्यतः चारच साखळ्या जोडतो आणि हा रेणू ओळखणाऱ्या टीएलआर-४ या रिसेप्टरला त्याची चाहूल जेमतेम लागते. प्रयोगशाळेत या जिवाणूला ३७ अंशांनाही सहा साखळ्या बनवायला लावले, तेव्हा उंदरांच्या बाबतीत त्याची मारकता जवळजवळ संपली.

आता उगमाकडे वळू. ‘टोल’ हे जनुक फळमाशीत प्रथम माहीत झाले ते प्रतिकारशक्तीसाठी नव्हे, तर भ्रूणाची पाठ कोणती आणि पोट कोणते हे ठरवणारे जनुक म्हणून. ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले की, या जनुकाचा मार्ग बिघडलेल्या माश्या बुरशीच्या संसर्गाला बळी पडतात. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला जिवाणूंच्या विषारी रेणूला (वर आलेल्या लिपोपॉलिसॅकराइडला) प्रतिसाद न देणाऱ्या उंदरांमध्ये टोलच्याच भाऊबंदांपैकी एक जनुक, टीएलआर-४, बिघडलेले आढळले. या कामासाठी दोघांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माशीपासून माणसापर्यंत एकच पहारेकरी चालत आला, असे यावरून अनेकदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. माशीचा टोल जंतूला स्वतः स्पर्शही करत नाही. जंतूची ओळख आधी दुसरी प्रथिने पटवतात आणि त्यांचा निरोप श्पेत्सले नावाच्या प्रथिनामार्फत टोलपर्यंत पोहोचतो. वारसा जुना आहे, पण कामाची वाटणी प्रत्येक वंशात वेगळी झाली.

या रिसेप्टरचा पेशीच्या आतल्या बाजूला असणारा, धोक्याचा इशारा पुढे पाठवणारा टीआयआर हा भाग तर प्राण्यांपेक्षाही जुना आहे. तो जिवाणूंमध्येही सापडतो, आणि काही जिवाणू त्याचा उपयोग स्वतःवर हल्ला करणाऱ्या विषाणूंविरुद्ध करतात. म्हणजे आपण जिवाणूंविरुद्ध वापरतो त्या हत्याराचा एक सुटा भाग जिवाणूंकडेही आहे. वनस्पतींची गोष्ट निराळी. त्यांचा एफएलएस-२ हा रिसेप्टरही फ्लॅजेलिनच ओळखतो, पण टीएलआर-५ धरतो त्यापेक्षा वेगळ्या जागी, २२ अमिनो आम्लांच्या एका छोट्या पट्ट्यावर. प्राणी आणि वनस्पती स्वतंत्र वाटांनी एकाच रेणूपाशी पोहोचले, यावरून तो रेणू जिवाणूला किती अडचणीत आणणारा आहे हे लक्षात येते.

पुढे जनुकांच्या प्रती वाढत गेल्या, काही टिकल्या, काही मोडल्या. माणसात अशी दहा कार्यक्षम टीएलआर जनुके आहेत. सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या २००६ मध्ये वाचलेल्या जनुकसंचात ती २२२ निघाली. त्या प्राण्याकडे अँटिबॉडी नाहीत, एवढे लक्षात घेतले की हा पसारा फार अनाकलनीय वाटत नाही. उंदराला टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची चाहूल देणारे टीएलआर-११ आपल्या जनुकसंचातही आहे, पण निकामी अवस्थेत.

मागे पडण्याबद्दल म्हणाल, तर सगळ्या रिसेप्टरांवर सारखा ताण नाही. विषाणूंचे आरएनए आणि डीएनए ओळखणारे टीएलआर ३, ७, ८ आणि ९ पेशीच्या आतल्या कप्प्यांत बसतात आणि माणसांमध्ये त्यांच्यात फारच थोडा फरक आढळतो. तिथली मोडतोड निसर्गाने खपवून घेतलेली दिसत नाही. पेशीच्या बाहेरच्या पटलावर असणाऱ्यांना ती मुभा अधिक मिळाली आहे. वर ज्याचे एवढे कौतुक केले, त्या टीएलआर-५चे मध्येच तुटलेले, फ्लॅजेलिन न ओळखणारे रूप काही लोकांत असते. त्यांना लिजिओनेला जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका थोडा जास्त असल्याचे आढळले आहे. एरवी मात्र ते सामान्य आयुष्य जगतात, कारण शेपटीवरून ओळखता आले नाही, तरी त्याच जिवाणूला आवरणावरून किंवा डीएनएवरून हेरणारे इतर रिसेप्टर त्यांच्याकडे शाबूत असतात.