न आलेल्यांची यादी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नव्वद जणांची ओपीडी, त्यात निम्मे बीपी-शुगरचे, आणि तू सकाळपासून केसपेपरवर ‘रिपीट’, म्हणजे त्याच गोळ्या पुन्हा, लिहीत बसतेस. यात डॉक्टरकी कुठे आहे, असं विचारतेस. आणि पुढच्याच परिच्छेदात वस्तीत मोठं तपासणी शिबिर घ्यायचं म्हणतेस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सावकाश देतो. दुसऱ्याचं आत्ताच देऊन टाकतो: शिबिर घेऊ नकोस. निदान सहा महिने तरी नको.

शिबिरात काय होतं ते तुलाही माहीत आहे. मंडप, बॅनर, रांग. दोनशे जणांच्या बोटाला सुई टोचली जाते, ज्यांची शुगर जास्त निघते त्यांच्या हातात चिठ्ठी पडते, ‘दवाखान्यात या’. ती चिठ्ठी घेऊन किती आले, हे संध्याकाळी मंडप उतरल्यावर कोणी मोजत नाही. आधीच रजिस्टरमध्ये असलेले शंभर जण तीन महिने फिरकलेले नाहीत आणि आपण नवे शोधायला निघतो. शोधलेल्या माणसाला सांभाळायची सोय नसेल, तर शोधून आपण त्याला फक्त घाबरवतो.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, आणि ते या पत्रात तू पुन्हा पुन्हा ऐकणार आहेस: जो आला नाही त्याला मोज.

हिशेब करून दाखवतो. समज, तुझ्या रजिस्टरला बीपीचे २०० पेशंट आहेत. या तिमाहीत त्यातले १२० आले आणि ८४ जणांचं बीपी १४०/९० च्या खाली होतं. तू अहवालात लिहिशील की ७० टक्के नियंत्रण. आकडा छान दिसतो, वरचे साहेबही खूश. पण भागायचं २०० ने असतं. नियंत्रण ४२ टक्के आहे. उरलेल्या ऐंशींपैकी कोणाच्या गोळ्या संपल्या, कोण गावी गेलं, कोणाला अर्धांगाचा झटका येऊन गेला, तुला ठाऊक नाही. जे आले ते तसेही येणारेच होते. तुझं खरं काम त्या ऐंशींत दडलेलं आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला आणि ज्याच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे होते, त्याचा कणा हाच आहे: ठरलेल्या गोळ्या, महिन्याचा पुरवठा आणि प्रत्येक नोंदलेल्या माणसाचा हिशेब. नियंत्रणात, नियंत्रणाबाहेर, आणि न आलेले. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोणाला पाहायला आवडत नाही. तू त्याच्यापासूनच सुरुवात कर.

यासाठी तुला अॅपची वाट पाहायची गरज नाही. असेल तर वापर, पण रेंज जाते, टॅब चार्ज नसतो, पासवर्ड बदलीवर गेलेल्या माणसाकडे असतो. एक पुठ्ठ्याचा डबा घे, आत बारा महिन्यांचे बारा कप्पे कर. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड त्याच्याकडे, एक तुझ्या डब्यात. आज आला, पुढची तारीख ऑगस्टमधली दिली, की कार्ड ऑगस्टच्या कप्प्यात. ऑगस्ट संपला तरी त्या कप्प्यात जी कार्डं उरली, ती तुझी यादी. रजिस्टर चाळायला नको, संगणक नको. दर सोमवारी ओपीडी संपल्यावर अर्धा तास सिस्टर आणि आरोग्यसेविकेबरोबर डबा उघडून बस.

कार्डावर काय लिहायचं? नाव आणि वय तर आहेच. मोबाइल दोन: एक स्वतःचा, एक शेजारच्याचा किंवा मुलीचा. पहिला नंबर महिन्या-दोन महिन्यांत बंद पडतो, रिचार्ज संपतो नाहीतर सिम बदललेलं असतं. पत्ता आधारकार्डावरचा नको, तो बऱ्याचदा गावचा असतो. ‘नळाच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीवर पहिला माळा’ असा पत्ता हवा. आणि कामाची वेळ. हा रकाना छापील कार्डावर नसतो, पण सगळ्यात उपयोगी तोच. चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी साडेदहाला रांगेत उभी राहू शकत नाही. त्या दिवसाचा खाडा तिला गोळीपेक्षा महाग पडतो. मुंबईत २०२२ मध्ये महापालिकेचा ‘आपला दवाखाना’ सुरू झाला तेव्हा संध्याकाळची पाळी ठेवली ती याच लोकांसाठी. तुझ्याकडे संध्याकाळची पाळी नसेल, तर आठवड्यातला एक दिवस सातपर्यंत मागून घे. भांडावं लागलं तरी घे.

फोन कसा करायचा हेही शिकवावं लागतं. ‘का आला नाहीत?’ असं विचारलं की माणूस खोटं बोलतो आणि नंतर फोन उचलत नाही. ‘मावशी, तुमच्या गोळ्या काढून ठेवल्यात, गुरुवारी सातपर्यंत मिळतील’ म्हटलं की येतो. तारीख उलटून आठवडा झाला की पहिला फोन, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या नंबरवर, तरी नाही तर आशाताई घरी. घरी गेल्यावर त्यांनी भाषण द्यायचं नाही. उरलेली गोळ्यांची पाकिटं बघायला मागायची. महिन्यापूर्वी दिलेल्या तीसपैकी एकोणीस शिल्लक असतील, तर प्रश्न कळला.

कारणं ठरावीक आहेत. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली. एकदा सुरू केली की आयुष्यभर लागते, म्हणून सुरूच केली नाही. ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्यांना सूज आली आणि कोणाला न सांगता सोडली. ही सूज आधीच सांगून ठेव: ‘पाय सुजले तर गोळी सोडू नका, मला येऊन दाखवा, आपण बदलू.’ एवढं वाक्य पहिल्या दिवशी बोललीस तर पुढचे कितीतरी फोन वाचतील. आणि गाव. गणपती, शिमगा, मे महिना, उत्तरेकडच्यांची छठ आणि लग्नसराई. गावी निघणाऱ्याला स्थिर असेल तर साठ दिवसांच्या गोळ्या दे. फार्मासिस्ट नियम दाखवेल, तर आधीच लेखी परवानगी काढून ठेव.

आता तुझं ‘रिपीट’. तुला वाटतं त्यात निर्णय नाही. मी म्हणतो ओपीडीतला सगळ्यात जास्त वेळा चुकणारा निर्णय तोच आहे. समोर १५४/९६ आहे, गेल्या महिन्यात १५० होतं, त्याआधी १५८. रांग लांब आहे, ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून रिपीट. असं वर्ष जातं. डोस वाढवायला किंवा दुसरी गोळी जोडायला न धजणं, हे आपल्या दवाखान्यांमधलं अनियंत्रित बीपीचं मोठं कारण आहे, आणि त्याचं खापर आपण पेशंटच्या मिठावर फोडतो. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने सुरुवात, महिन्याने १४०/९० च्या खाली नाही तर टेल्मिसार्टन ४० ही दुसरी गोळी जोड, मग डोस वाढव, मग तिसरी, क्लोरथॅलिडोन १२.५. तुझ्या केंद्राच्या प्रोटोकॉलमध्ये क्रम थोडा वेगळा असेल, असेल तो पाळ, पण थांबू नकोस. टेल्मिसार्टन मूल होण्याच्या वयातल्या बाईला देताना गर्भधारणेचं विचारल्याशिवाय देऊ नकोस, आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम बघ.

मात्र पायरी चढण्याआधी दोन गोष्टी. पहिली: ‘आज गोळी घेतली का?’ विचार. शुगर तपासायला उपाशीपोटी यायचं म्हणून लोक बीपीची गोळीही घेत नाहीत. मग आकडा चढलेला दिसतो, डोस वाढतो, आणि पुढच्या आठवड्यात बाई चक्कर येऊन पडते. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊन या, शुगरची मात्र नाश्ता आल्यावरच, हे कार्डावर लिहूनच टाक.

दुसरी: आकडा खरा आहे का? तुझ्या केंद्रात बीपी स्टुलावर बसवून घेतात ना? स्टुलाला पाठ नाही, हात अधांतरी, सिस्टर एकीकडे नाव-गाव विचारतेय. यातल्या प्रत्येकाने आकडा वर जातो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, लघवीला जाऊन आलेला माणूस, पाच मिनिटं शांत. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मशेरीही नाही. मशेरीचं बायका आपण होऊन सांगत नाहीत. पट्टा उघड्या दंडावर. बाही वर सरकवून घट्ट पिळा बसला असेल तर हात बाहीतून काढायला लाव. जाड दंडाला नेहमीचा पट्टा लावला की बीपी खोटं जास्त दिसतं. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर गेला की मोठा पट्टा हवा, तो एक तरी मागवून ठेव. दोन वेळा मोज, मध्ये मिनिटभर थांबून. आणि रजिस्टरमध्ये मागचं पान उघडून बघ: सगळे आकडे १३०/८०, १४०/९०, १५०/९० असे शून्यावर संपत असतील, तर ते मोजलेले नाहीत, अंदाजाने गोल केलेले आहेत. सिस्टरवर ओरडू नकोस, डिजिटल मशीन दे आणि स्क्रीनवर येतं तेच लिहायला सांग.

शुगरबद्दल थोडक्यात, कारण ते तुला येतं. ग्लुकोमीटर पाठपुराव्यासाठी, रोगाचं निदान मात्र शिरेतल्या रक्तावर: उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा वर, आणि लक्षणं नसतील तर एकदाच्या आकड्यावर शिक्का मारायचा नाही. केळं सोललेल्या हाताने आलेल्याची शुगर आभाळाला टेकते. हात साबणाने धुवून, पुसून, मग टोच. स्ट्रिपची डबी पावसाळ्यात उघडी राहू देऊ नकोस. एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या तपासणीवर, डोळे मिटून विसंबू नकोस: राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत आणि लोहाच्या कमतरतेत हा आकडा उगाच वर दिसू शकतो. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जेवणाबरोबर ५०० पासून, हळूहळू वर. पहिल्याच दिवशी दोन हजार दिलंस तर पोट बिघडेल आणि नाव न आलेल्यांत जमा होईल. ग्लिमेपिराइड ही शुगर खाली आणणारी गोळी घेणाऱ्याला उपवास विचार. नवरात्र असो, चतुर्थी असो, रोजे असोत, आधी ठरवून डोस बदलावा लागतो. दिवसभर उपाशी राहून शुगर पडते आणि साबुदाण्याच्या खिचडीने चढते, दोन्ही एकाच दिवसात. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, आणि पाय. चप्पल काढून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत.

मिठाचं भाषण देऊ नकोस, मिठाची पिशवी विचार. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवं, म्हणजे किलोची पिशवी दीड महिन्याच्या पुढे जायला हवी. पंधरा दिवसांत संपत असेल, तर बोलण्यासारखं आहे. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ वेगळंच. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी विचारलीस का? तीही बीपी चढवते आणि मूत्रपिंडाला त्रास देते.

एक गोष्ट मात्र डॉक्टर विसरतात: साठा. ॲम्लोडिपिन रोज एक घेणारे २५० जण म्हणजे महिन्याला ७,५०० गोळ्या, तीन महिन्यांचा साठा २२,५००. मागणी गेल्या वर्षीच्या खपावर लावली तर कमीच पडणार, कारण गेल्या वर्षी अर्धे आलेच नव्हते. मागणीही नोंदलेल्यांवर लाव. न आलेल्यांनासुद्धा मोज, म्हणतो ते इथेही. एकदा गोळी नाही म्हणून माणूस रिकाम्या हाताने गेला, की तुझे दोन फोन आणि आशाताईंची एक फेरी पाण्यात.

तू म्हणशील हे सगळं कारकुनी आहे. मलाही आयुष्यभर हेच ऐकवलं गेलं आणि माझा हट्ट काही गेला नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरग नावाच्या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टराने गावातल्या प्रौढांची यादी धरून एकेकाचं बीपी मोजलं, आलेल्यांचं आणि न येणाऱ्यांचंही. १९७१ साली त्यानेच लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथे कमी पोचते. तो निष्कर्ष आजही तुझ्या ओपीडीच्या रांगेत दिसेल: ज्याला सुट्टी मिळते तो रांगेत, ज्याला मिळत नाही तो यादीत. मला कारकून म्हणणाऱ्यांपैकी कोणी २०० ने भागून आकडा दाखवला असता, तर मी माझं म्हणणं मागे घेतलं असतं. चिडून लिहितोय असं वाटेल. थोडं चिडूनच लिहितोय. इतकं सोपं काम, पण त्यात मिरवण्यासारखं काही नाही म्हणून होत नाही, याची खंत आहे.

राहिला पत्राच्या शेवटी विचारलेला पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणासाठी इथून निघण्याचा प्रश्न. परीक्षा दे. अवश्य दे. थांबून त्याग केल्यासारखं वागू नकोस, त्याने ना पेशंटचं भलं होतं ना तुझं. पण निघायच्या आधी दोन आठवडे प्रत्येक उरलेल्या कार्डावर पेन्सिलने लिही: कोण गावी गेलंय आणि केव्हा परत येणार, कोणाचा फोन मुलगी उचलते, कोण वारलं, कोणाला टेल्मिसार्टनने चक्कर आली होती. वारलेल्यांची कार्डं वेगळी काढ, बाकी कोणाचंही नाव वर्षभर खोडायचं नाही. नवीन डॉक्टर आला की पहिल्या सोमवारी तासभर त्याच्याबरोबर डब्यापाशी बस, सिस्टर आणि आशाताईंना सोबत घे. तो डबा कपाटात कुलूपबंद होणार नाही, याची व्यवस्था लावूनच सही करून बाहेर पड.

तुझा,
सर