नापाची वाइन डॅलसला पाठवताना

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सुटीत कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीला जाणार आहोत. टेक्सासमधल्या डॅलसला असलेल्या मुलीसाठी सहा बाटल्या घ्यायच्या आहेत. घरी आणून पोस्टाने पाठवल्या तर चालतील का?

उत्तर : पोस्टाने मुळीच पाठवू नका. अमेरिकी टपालातून दारू पाठवायला केंद्रीय कायद्याचीच बंदी आहे. फेडएक्स आणि यूपीएस या कुरिअर कंपन्यासुद्धा परवाना असलेल्या आणि त्यांच्याशी करार केलेल्या विक्रेत्यांचीच खोकी घेतात. खोक्यावर ‘ऑलिव्ह ऑइल’ लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाटली फुटली की बिंग फुटते आणि भरपाईही मिळत नाही.

बाटल्या वायनरीलाच, म्हणजे वाइन बनवणाऱ्यांनाच, पाठवायला सांगा. पैसे देण्याआधी विचारा, ‘टेक्सासला माल पाठवायचा परवाना तुमच्याकडे आहे ना?’ नुसता कॅलिफोर्नियाचा परवाना पुरत नाही. १९३३ च्या २१ व्या घटनादुरुस्तीने दारूबंदी उठली, पण बाहेरून येणाऱ्या दारूवरचा अधिकार राज्यांकडे गेला. त्यामुळे माल जिथे पोचणार, तिथला नियम पाळावा लागतो. टेक्सासमध्ये एका ग्राहकाला एका वायनरीकडून महिन्याला ९ गॅलन, म्हणजे साधारण ४५ बाटल्या मागवता येतात. युटा राज्यात मात्र घरपोच एकही नाही.

तीच बाटली कॅलिफोर्नियातल्या दुकानातून घेतलीत, तर दुकानदार ती टेक्सासला पाठवू शकत नाही. स्थानिक वायनऱ्यांना घरपोच विक्रीची मुभा देऊन परराज्यातल्यांना ती नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मिशिगन आणि न्यूयॉर्कच्या खटल्यांत ठरवले. पण टेक्सासने तो न्याय बाहेरच्या दुकानांना लावलेला नाही. ग्राहकावर हा अन्यायच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण दारात येते. २१ वर्षांवरील व्यक्तीने ओळखपत्र दाखवून सही केल्याशिवाय खोके देत नाहीत. घरी कोणी नसेल तर काही खेपांनंतर ते परत जाते, आणि तोवर वाइन गाडीत तापत राहते. म्हणून मुलीच्या ऑफिसचा पत्ता द्या, किंवा कुरिअरच्या केंद्रातून तिला स्वतः घ्यायला सांगा. उन्हाळा असेल तर ऑक्टोबरपर्यंत माल वायनरीतच ठेवायला सांगा. उष्णतेने बूच वर सरकते, वाइनची चव शिजल्यासारखी होते.

प्रश्न : बोर्बनही (अमेरिकी व्हिस्की) असेच पाठवता येईल का?

उत्तर : टेक्सासला नाही. विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानात न्या. २४ ते ७० टक्के अल्कोहोलच्या सीलबंद बाटल्या माणशी ५ लिटरपर्यंत चालतात.