लेफ्टी (डावखुऱ्याचा) बेस गिटार: राइटी (उजव्या हाताचा) उलटा करून वाजवायचा की खरा लेफ्टीच घ्यायचा?

तुझा प्रश्न असा आहे ना, की डाव्या हाताने अ‍ॅकॉस्टिक दोनेक वर्षं वाजवतोयस, आता बँडमध्ये बेस धरायचाय, बजेट ३० हजारांच्या आत, मित्र त्याचा राइटी प्रिसिजन टाइपचा (फेंडरच्या प्रिसिजन मॉडेलसारखा) बेस स्वस्तात देतोय आणि म्हणतोय तारा उलट्या लाव की झालं, शिवाय पुण्यात कोणाकडे तरी सेकंडहँड स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) लेफ्टी जॅझ बेस आहे, नाहीतर मग नवीन आयबनेझ कंपनीचा जीएसआर२००एल ऑर्डर करायचा. आणि रत्नागिरीत सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची वगैरे जुळवणं) करून देणारं कोणी नाही.

मित्राचा बेस घेऊ नको. उरलेल्या दोघांत ब्रँडवरून भांडत बसू नको, बेसमध्ये जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघ, म्हणजे स्केल (तारेची वाजणारी लांबी), नेक (लांब दांडा), वजन आणि बॅलन्स. पिकअप (तारेचा आवाज उचलणारा भाग), पॉट (नॉबखालचा भाग), तारा, नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) हे सगळं नंतर बदलता येतं, पैसे हातात येतील तसं. पण नेक जाड वाटतोय किंवा डोकं जमिनीकडे ओढतंय तर त्याला काही करता येत नाही. पुढचं सगळं लांबण याच एका गोष्टीचं आहे.

राइटी उलटा करणं म्हणजे काय ते आधी नीट समजून घे कारण हा सल्ला सगळे देतात आणि देणारे बहुतेक राइटी असतात. हे तबल्यासारखं नाहीये, की डग्गा उजवीकडे न् तबला डावीकडे मांडला की डावखुऱ्याचं काम झालं. बेसची बॉडी सिमेट्रिक नसते. वरचा लांब हॉर्न, म्हणजे ते शिंग, पट्टा अडकवायला असतो, त्याचं बटण साधारण बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आसपास येतं आणि त्याच्यामुळे बेस गळ्यात आडवा नीट राहतो. उलटा केलास की लांब शिंग खाली आणि छोटं शिंग वर, बटण बॉडीकडे सरकलं, मग एक तर नेक खाली झुकणार आणि दुसरं म्हणजे पहिला फ्रेट तुझ्या उजव्या हातापासून अजून लांब जाणार. आधीच ३४ इंचाचं स्केल, त्यात हे. वरच्या फ्रेटवर जायचं म्हटलं तर ते लांब शिंग मधे येणार. नॉब वरच्या बाजूला येणार, वाजवताना डाव्या हाताचं मनगट त्यांना घासणार आणि गाणं चालू असताना व्हॉल्यूम आपोआप कमी होणार.

पुढे अजून आहे. नेकच्या कडेला जे ठिपके असतात ना, ते आता खालच्या बाजूला गेले, म्हणजे प्रेक्षकांना दिसतील, तुला नाही. नटच्या खाचा उलट्या (तारा जाडीपासून बारीककडे ई, ए, डी, जी), जिथे जाड ई बसायची तिथे बारीक जी लोळणार आणि जीच्या खाचेत ई बसणारच नाही, म्हणजे नवीन नट कापून घेणं आलंच (नुसता काढून उलटा बसवू म्हणशील तर नटचा उतार हेडस्टॉकच्या, म्हणजे किल्ल्या असलेल्या डोक्याच्या, दिशेने असतो, तो उलटा होतो, तार आत टेकायच्या जागी मागे टेकते). चारही किल्ल्या एका ओळीत असलेल्या हेडस्टॉकवर ईची किल्ली आता नटपासून सगळ्यात लांब जाते, म्हणजे काही सेटची ई पुरत नाही किंवा तिचा बारीक झालेला भाग चुकीच्या जागी येतो, आणि डी आणि जी दाबायला जो छोटा स्ट्रिंग ट्री असतो त्याच्याखाली आता ए आणि ई येतात.

आणि प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो. राइटीमध्ये ई-एचा तुकडा नेककडे आणि डी-जीचा ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात त्या बाजूला). उलटा केला की जाड तारा ब्रिजकडच्या तुकड्यावर येतात, आवाज घट्ट आणि थोडा बारीक होतो, बारीक तारा उलट गोल वाजतात. काही लोकांना हे आवडतं, मुद्दाम तसे बेसही बनतात. पण ते आवडून निवडणं वेगळं आणि गळ्यात पडणं वेगळं.

आता कोणीतरी जिमी हेन्ड्रिक्सचं, त्या डावखुऱ्या गिटारवाल्याचं, नाव काढणारच. तो उलटी स्ट्रॅट (फेंडरची गिटार) वाजवायचा हे खरं, पण ती २५.५ इंच स्केलची गिटार, तिचं डोकं हलकं, बेसची किल्ली आणि नेक दोन्ही जड. डावखुरा बेसवादक जिमी हॅस्लिप तर तारा न बदलता, ई खाली ठेवूनच बेस वाजवतो आणि भन्नाट वाजवतो. पण त्याने हात तसाच बसवलाय, तुझा हात आधीच लेफ्टी तारांवर बसलाय, तो मोडायचा कशाला. उलटं करायला आकाराने सोयीचा बेस म्हणजे हॉफनरचा व्हायोलिन बेस. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तो घेतला त्यामागे हेही एक कारण होतं, दोन्ही बाजू सारख्या, डाव्या हातात धरला तरी विचित्र दिसत नाही. (तोच बेस १९७२ मध्ये चोरीला गेला होता आणि पन्नासेक वर्षांनी सापडला, २०२४ मध्ये बातमी आली.)

"राइटीच शीक, डावखुऱ्यांना सोपंच जातं" म्हणणाऱ्यांचं मी पूर्ण चूक म्हणत नाही, ज्याने अजून काहीच हातात धरलं नाहीये त्याने दुकानात दोन्ही बाजूंनी धरून बघावं, तालाला कुठला हात आपोआप हलतो ते कळतं. तुझा प्रश्न त्याच्या पुढे गेलाय. शिकवणारा राइटी असला तरी घाबरू नको, समोर बसलास की आरशात बघितल्यासारखं दिसतं, उलट राइटी पोरांपेक्षा तुला सोपं. टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) सगळे तेच.

आता दोन बेसची तुलना. दोन्ही ३४ इंच. जॅझ बेसचा नट साधारण ३८ मिमी, जीएसआरचा ४१. लोक म्हणतात हात लहान असेल तर जॅझ घे. हे अर्धंच खरं आहे. नट अरुंद असला की तारा जवळ येतात, एका तारेवरून दुसरीवर जाणं सोपं, मुठीत नेक छान येतो. पण बोटं लांबीत ताणावी लागतात ती तेवढीच, कारण फ्रेटमधलं अंतर स्केलवर ठरतं. ३४ इंचाच्या बेसवर नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत जवळजवळ १७.८ सेंमी भरतात, ३० इंचाच्या शॉर्ट स्केलवर १५.७. म्हणजे हात खरंच लहान असेल तर शॉर्ट स्केल बघ, पण त्यात लेफ्टी मिळणं अजून कठीण, हॉफनर इग्निशन लेफ्टीमध्ये येतो, त्याच्या पलीकडे शोधाशोध. आणि शॉर्ट स्केलला तारांचा सेटही शॉर्ट स्केलचाच लागतो, लांब सेट कापून लावायचा नाही.

जीएसआरची बॉडी लहान, बारीक, गळ्यात हलकी वाटते, पी (प्रिसिजन) आणि जे (जॅझ) असे दोन पिकअप, २२ फ्रेट, आणि एक बेस बूस्टचा नॉब ज्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. वाजवून झाल्यावर केबल जॅकमध्ये तशीच ठेवलीस तर बॅटरी उतरते, आणि ती नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी उतरते. स्क्वायर जॅझ बहुधा जास्त जड निघतो, सर्किट साधं, दोन व्हॉल्यूम एक टोन, बिघडायला काही नाही. आवाजात फरक आहे पण या किमतीत तो फरक नवीन तारांनी जेवढा पडतो त्यापेक्षा फार नाही असं माझं मत, भांडायचं तर भांडा. मी असतो तर स्क्वायर घेतला असता, वजन ४ किलोच्या आसपास असेल तर. साडेचारच्या वर गेला तर नाही, गणपतीच्या दिवसांत तीन-तीन तास उभं राहून वाजवायचं असतं.

सेकंडहँडवाल्याकडून मागव ते असं: बॅगेचा काटा लावून वजन, नटचा जवळून फोटो, नेक आणि बॉडी जोडली जाते तिथला फोटो (फट, चीर), ट्रस रॉडच्या (नेकचा बाक ठरवणारी आतली सळी) ज्या नटला किल्ली बसते त्याचा फोटो, त्याचे कोपरे झिजलेले असतील तर सौदा तिथेच सोडून दे, आणि चारही तारांवर एकेक फ्रेट दाबत गेलेला व्हिडिओ. तो खरा लेफ्टी आहे का हेही बघून घे, लोक उलटवलेला बेस लेफ्टी म्हणून विकतात. लांब शिंग वर हवं, कडेचे ठिपके वाजवणाऱ्याच्या बाजूला हवेत, नटमध्ये जुनी खाच भरल्याची खूण नको. अजून एक गंमत, कधीकधी राइटीचाच फोटो आरशासारखा फिरवून टाकलेला असतो, हेडस्टॉकवरचं नाव उलटं दिसलं की समज. भाव करायला लाजू नको, लेफ्टी विकायला महिनोन्महिने लागतात हे विकणाऱ्यालाही माहितीये. नवीन घ्यायचा तर मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानातही लेफ्टी बेस भिंतीवर टांगलेला असेलच असं नाही, फोन करूनच जा, गोवा तुला जवळ पडत असेल तर तिकडेही विचार. मागवून देतो म्हणाले तर अ‍ॅडव्हान्सच्या आधी एवढंच विचार, की आवडला नाही तर परत घेणार का.

आता सेटअप. बजेटमधले तारांचे आणि सेटअपचे पैसे आधीच बाजूला काढ, कारण कारखान्यातून येणारे स्वस्त बेस नटला उंच असतात, आणि पहिल्या फ्रेटवर जोर लावावा लागला की नवीन माणूस समजतो आपलाच हात कच्चा.

क्रम असा, आणि क्रम मोडायचा नाही कारण पुढची गोष्ट मागचीवर अवलंबून असते. नवीन तारा लाव (४५ ते १०५ किंवा ४५ ते १००, लेफ्टीसाठी वेगळा सेट नसतो, कोणी वेगळा म्हणून जास्त पैसे मागितले तर हसून निघ), ट्यून कर, मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटला केपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटाने दाबायचा, आठव्या फ्रेटच्या वर आणि तारेच्या खाली ०.३ ते ०.३५ मिमी फट हवी, जाडसं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट करायचा, एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यून कर, थोडा वेळ थांब, मग मोज. आणि हे नीट वाच: लेफ्टी बेसमध्ये रॉडचे आटे उलटे नसतात. बेस आरशातला आहे, स्क्रू आरशातला नाही. उलटं असेल या समजुतीने भलत्या बाजूला फिरवणारे भेटतात, दुकानातसुद्धा.

मग अ‍ॅक्शन. म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची. सतराव्या फ्रेटवर ईची उंची २.४ मिमी, जीची २, फेंडर टाइप बेसला हा आकडा चांगली सुरुवात आहे, जोरात वाजवत असशील तर थोडी वाढव. मग इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा हवा, दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) नेकपासून मागे ने, उतरा असेल तर पुढे. सॅडल सरकवताना तार ढिली कर नाहीतर स्क्रूचं डोकं जातं. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ, कागद जाईल एवढीच फट हवी. जास्त असेल तर स्वतः कानस घेऊन बसू नको, एक घासा जास्त झाला की नट गेला. त्यासाठी मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या फेरीत चांगला माणूस गाठ. आणि बेस ठेवून येऊ नको, तिथेच बस. सेटअप करणारा बहुधा राइटी असतो, तो तुझा बेस उलटा धरून हलकेच टिचकी मारून बझ होत नाही म्हणून ठरवतो आणि तू जोर लावलास की चारही तारा खडखडतात. तू वाजव, त्याला ऐकू दे, मग त्याने ठरवावं.

कोकणात एक जास्तीचं काम आहे. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, नेकचा बाक वाढतो, जुलैत अ‍ॅक्शन उंच वाटायला लागते, आणि हवा कोरडी झाली की परत उतरते. म्हणून अ‍ॅक्शनला हात लावायच्या आधी फट मोज, बहुतेक वेळा पाव फेऱ्यात काम होतं. ट्रस रॉडची किल्ली बेसच्या बॅगेतच ठेव, बरोबर मापाची, सैल बसणारी नको. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुस.

राहता राहिले नॉब. काही लेफ्टी बेसमध्ये कंपनी राइटीचेच पॉट उलटे जोडून टाकते. लॉग टेपरचा (सुरुवातीला हळू, मग झपाट्याने वाढणारा) पॉट उलटा जोडला की व्हॉल्यूम बराच वेळ फिरवला तरी फरक पडत नाही आणि शेवटी शेवटी एकदम गळून पडतो. औषध म्हणजे रिव्हर्स लॉग पॉट, त्यावर सी छापलेलं असतं, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत २५० के (किलो-ओहम) मध्ये तो मिळाला तर नशीब. नाही मिळाला तर बी म्हणजे लिनियर (सारख्या प्रमाणात बदलणारा) टाक, तो दोन्हीकडून सारखाच असतो, परफेक्ट नाही पण हाताखाली येतो. स्क्वायरवाल्याच्या व्हिडिओत व्हॉल्यूम हळूहळू फिरवून दाखवायला सांग, म्हणजे हे आधीच कळेल. फोटो आले की टाक इथे, नटचा आणि ट्रस रॉडचा आधी.