नव्या मास्तराला पत्र: आधी पोरांचे हात बघ

प्रिय मित्रा,

निपाणीजवळच्या शाळेवर रुजू झालास. आता पहिल्याच आठवड्यात गाव तुला सांगेल, ‘आमच्याकडं बालकामगार नाहीत.’ खोटं बोलत नसतात ती माणसं. आईच्या सुपाशेजारी बसून पोरगी विड्यांची तोंडं दुमडते, त्याला इथं काम कुणी म्हणत नाही, हातभार म्हणतात. म्हणून हजेरीपटाआधी हात बघ.

तंबाखूच्या मळ्यात शेंडे खुडणाऱ्या, बगलफुटी म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब काढणाऱ्या पोराच्या बोटांवर काळा चिकट थर बसतो. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही. पान दवानं ओलं असलं की निकोटीन पाण्यात उतरतं आणि कातडीतून अंगात जातं. काही तासांत मळमळ, उलटी, डोकं गरगरणं. घरचे म्हणतात पित्त झालं, ऊन लागलं. लिंबूपाणी देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ओल्या पानात पाठवतात. मोठ्याला सोसेल तेवढं निकोटीन लहान अंगाला सोसत नाही. असं मूल वर्गात आलं तर अंगावरचे कपडे बदलायला लाव, हातपाय साबणानं धुवायला सांग, सावलीत बसवून पाणी पाज. उलट्या थांबत नसतील, श्वास लागत असेल तर लगेच दवाखान्यात ने. डॉक्टरांना ‘ओल्या तंबाखूत होता’ हे आवर्जून सांग, नाहीतर पित्ताच्याच गोळ्या मिळतील.

विडीच्या घरात त्रास हळूहळू येतो. जर्द्याच्या धुळीनं खोकला, दमा, डोळ्यांची आग; तासन्‌तास मान खाली घालून बसल्यानं पाठ आणि खांदे धरतात.

अभ्यासाचं नुकसान मात्र हजेरीत दिसत नाही. पोरगं रोज येतं आणि पेंगतं. चौथीत हातच्याची वजाबाकी राहते, मग भागाकार जमत नाही, सातवीत ‘डोकंच नाही’ म्हणून शाळेतून नाव काढतात. पोरीचं आधी. यासाठी वहीत एक रकाना आख: उशीर, पेंग, गृहपाठ नाही. दोन-तीन आठवड्यांत ठरावीक वार वर येतील, बहुधा माल मोजून द्यायच्या आदल्या रात्रीचे.

आईला धाक घालू नकोस. तिला मजुरी हजार विड्यांवर मिळते. सैल भरलेली, तोंड उघडलेली विडी छाटीत, म्हणजे नापास मालात जाते. पोरीच्या हातच्या किती छाटीत गेल्या, तिलाच आठवडाभर मोजायला सांग.

कायदा तोंडपाठ ठेव. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदतीची सूट शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामांना ती नाही. विडी वळणं १९८६ च्या मूळ कायद्यापासून बंदीच्या यादीत होतं. मालकाला ६ महिने ते २ वर्षं कैद, २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘मळा कागलच्या हद्दीत, महाराष्ट्रात आहे’ ही सबब चालत नाही. कायदा केंद्राचा आहे, मुलांच्या मदतीचा फोन १०९८ दोन्हीकडं लागतो. शाळा सुटलेलं मूल परत आलं तर दाखल्यासाठी अडवू नकोस. वयाप्रमाणे वर्गात बसवून जादा शिकवणं हा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्याचा हक्क आहे.

विडी कामगारांच्या मुलांना पहिलीपासून केंद्राची शिष्यवृत्ती असते. आईचं कामगार ओळखपत्र लागतं. आपल्याकडं एका कागदावर नाव कन्नडमधून उतरलेलं, दुसऱ्यावर मराठीतून, आणि तेवढ्यावर अर्ज अडकतो. ओळखपत्र, आधार, बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवून नावातलं एकेक अक्षर जुळवून बघ, मुदत संपायच्या बरंच आधी.

तुझा,
एक जुना सहकारी