खासगी गाइड घेताय? आधी हे विचारा
पहिल्यांदाच खासगी गाइड घेताय ना, मग बुकिंगआधी एवढं विचाराच: भाव तिकिटं धरून आहे का, आणि माणशी की अख्ख्या गटाचा? २ तासांत ३-४ ठिकाणं पुरेत, यादी लांबवली की नुसती पायपीट. खासगी फेरीची खरी मजा थांबण्यात आहे. एखाद्या जुन्या दारावर झिजलेली अक्षरं दिसली तर बिनधास्त म्हणा, ‘थांबा, हे काय लिहिलंय?’ मी पहिल्या वेळी भिडेपोटी गप्प राहिलो आणि दिवसभर सनावळ्या ऐकत फिरलो. दगडी फरसबंदीवर नवे बूट नकोत, फोड येतात. वेळ सकाळची घ्या; गर्दी कमी असते, शिवाय तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. गाइड ‘ओळखीच्या’ दुकानाकडे वळायला लागला, तर सरळ नाही म्हणा.