काळं पिल्लू घेऊ की पांढरं?

गंगापूर रोड, नाशिक

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि कारवानी, म्हणजे दख्खनच्या सडपातळ, वेगवान शिकारी हाउंडच्या, पिल्लांचे फोटो पोचले. एक काळं, एक तांबूस, एक निळसर करडं आणि एक पांढरंशुभ्र. आबांचं म्हणणं काळं घे, काळं कुत्रं राखणीला कडक. विकणारा म्हणतो निळं 'रेअर' आहे, दुप्पट पैसे पडतील. तुझा जीव पांढऱ्यावर बसलाय. तसं तू लिहिलेलं नाहीस, पण पांढऱ्याचे सात फोटो आणि बाकीच्यांचा एकेक, म्हणजे न सांगताच कळलं.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. कारवानी कुत्र्याच्या धावेत, नजरेत, दमात, राखणीत केसांच्या रंगाने काही फरक पडत नाही. काळं जास्त शिकारी, तांबडं जास्त तापट, असल्या गोष्टी बैलाच्या आणि घोड्याच्या खोडी बघायच्या सवयीतून आल्या आहेत. वीस नखांचं कुत्रं बिबट्याला भारी पडतं, हे त्याच पंगतीतलं. पण दोन-तीन रंग असे आहेत की त्यांच्या आड खरोखरच काहीतरी दडलेलं असू शकतं. तुझ्या चारांतली दोन नेमकी त्यातली आहेत.

पांढऱ्याचं सविस्तर लिहितो, कारण घेणार तू तेच. पांढरे दोन तऱ्हेचे असतात. एकात रंगाच्या पेशी जागच्या जागी असतात, फक्त केसात उतरलेला रंग फिका पडलेला असतो. अशा कुत्र्याचं नाक, ओठ, डोळ्यांच्या कडा काळ्या असतात. त्याची काळजी नाही. दुसऱ्यात रंगाच्या पेशी तिथवर पोचलेल्याच नसतात. नाक गुलाबी, पापण्या गुलाबी, पोटाची कातडी गुलाबी. गर्भात या पेशी पाठीच्या बाजूने निघून अंगभर पसरतात, आणि त्यांतल्या काही आतल्या कानात जाऊन बसतात. तिथे त्यांचं काम रंगाचं नसतंच. कानातल्या द्रवातल्या क्षारांचं प्रमाण त्या राखतात, आणि त्यावर ऐकण्याच्या पेशी जगतात. त्या नसल्या की जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याच्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. डाल्मेशियन म्हणजे पांढऱ्या अंगावर ठिपके असलेली जात. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी जवळपास ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. आपल्या देशातलं उदाहरण राजपालयमचं. तमिळनाडूतलं रानडुकराच्या शिकारीचं कुत्रं. पांढरं अंग आणि गुलाबी नाक हीच त्याची शान ठरली, रंगीत पिल्लं बाजूला काढली गेली, आणि बहिरेपणा जातीच्या मागे लागला.

म्हणून पिल्लू सहा-सात आठवड्यांचं झालं की स्वतः जाऊन बघ. बाकीची भावंडं बाजूला ने, नाहीतर ते त्यांचं बघून उठतं आणि तुला वाटतं ऐकून उठलं. गाढ झोपू दे. टाळी वाजवू नकोस, वारा लागतो. पाय आपटू नकोस, जमिनीचा हादरा कळतो. भिंतीआडून किल्ल्यांचा जुडगा हळूच हलव आणि कान बघ. झोपेतही कानाचं टोक हललं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूने. एकाच कानाने बहिरं असलेलं पिल्लू या परीक्षेत सहज पास होतं, ही यातली मेख. त्याला आवाज येतो, पण कुठून आला ते लागत नाही, भलतीकडेच मान वळवतं. त्याचा पक्का निकाल कानाला आवाज देऊन मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजणाऱ्या चाचणीनेच लागतो. कानांवर काळे किंवा तांबडे ठिपके असले तर भीती बरीच कमी, डोळे निळे असले तर जास्त.

तू म्हणशील, घरचं कुत्रं, बहिरं असलं तरी सांभाळेन. फ्लॅटमध्ये असतीस तर मी हरकत घेतली नसती. तुमचा मळा सिन्नरकडे, बांधाला लागून ऊस. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. ऊस सळसळल्याचं ज्या कुत्र्याला ऐकू येत नाही, ते अशा ठिकाणी राखण करणार नाही, बिबट्याचं जेवण होईल. आणि रंग कुठलाही असो, रात्री कुत्रं ओट्यावर साखळीला बांधायचं नाही. आत घ्यायचं, किंवा वरून झाकलेला पक्का पिंजरा करायचा. आबा ऐकणार नाहीत, तरी सांग.

निळ्याचं थोडक्यात. तो रंग म्हणजे काळाच, पण केसात नीट न पसरता गठ्ठ्यागठ्ठ्याने साचलेला. काही जातींत अशा कुत्र्यांचे केस सहा महिन्यांनंतर केव्हातरी पाठीवरून विरळ व्हायला लागतात, कातडी कोरडी पडते, फोड येतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण झालं तर औषधाने जात नाही. यासाठी दुप्पट पैसे? अजिबात नाही. आणि कुणी ढगाळ डागांचं 'मर्ल' दाखवलं तर तिथून उठून ये. तसल्या दोघांचं मिलन केलं की काही पिल्लं आंधळी-बहिरी निपजतात, आणि आपल्या हाउंडात तो रंग शिरला असेल तर बाहेरच्या रक्तातूनच.

काळं उन्हात जास्त तापतं, एवढंच. एप्रिल-मेमध्ये दुपारी कुठलंच कुत्रं पळवायचं नाही, मग काळ्याला वेगळा नियम कशाला. उलट गुलाबी कातडीच्या पांढऱ्याला उन्हाचा त्रास वेगळाच. नाक आणि पोट भाजतं, पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतं. काळ्याची खरी अडचण गोचिडांची. पांढऱ्यावर गोचीड लांबून दिसते, काळ्यावर बोटांनी शोधावी लागते. कानाच्या आतली घडी, पंजाच्या बोटांमधली बेचकी, काखा, शेपटीखाली. पावसाळ्यात रोज.

मग रंगाचा एवढा बाऊ शिकारीवाल्यांनी का केला? युरोपात बंदूकवाल्याला झुडपात कुत्रं दिसलं पाहिजे, त्याला हरीण किंवा कोल्हा समजून गोळी घालू नये, म्हणून पांढरे पट्टे असलेली कुत्री बरी वाटायची. ती सोय माणसाच्या डोळ्याची. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि कुत्रं सोडून केलेली शिकार ही शिकारच. ससासुद्धा त्यात येतो. तुझा मावसभाऊ रात्री बॅटरी घेऊन येवल्याकडच्या माळावर हाउंड सोडायला जातो असं कानावर आलंय. ममदापूरचं काळविटांचं राखीव क्षेत्र तिथेच आहे. आपलं कुत्रं त्याच्यासोबत जाणार नाही, हे आजच ठरव. पळवायचं तर मोकळ्या रानात चिंधी बांधलेल्या दोरीमागे पळव.

रंगावरून निवड केली की काय हातचं जातं, तेही सांगतो. जर्मनीत लांब केसांचा एक शिकारी कुत्रा होता. त्याच्या क्लबने फक्त तपकिरी नोंदवायचे ठरवलं, काळे-पांढरे बाद. शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी ते बाद झालेलेच सांभाळले, कारण ते कामाला चोख होते. १९१९मध्ये त्यांचा वेगळा क्लब झाला आणि ती जात आज मोठा म्युन्स्टरलँडर म्हणून नावाजलेली आहे. आयर्लंडमध्ये तर प्रदर्शनांत पूर्ण तांबड्या सेटरची, म्हणजे तिथल्या एका शिकारी कुत्र्याची, हवा झाली आणि लाल-पांढरा सेटर जवळजवळ संपला. विसाव्या शतकात काही लोकांनी शोधून शोधून तो परत उभा केला. ब्रिटनमध्ये २०१८ साली लॅब्राडॉरचा एक अभ्यास आला. चॉकलेटी रंगाचे साधारण १०.७ वर्षं जगत होते, बाकीच्या रंगांचे १२.१. कान आणि कातडीचे आजारही चॉकलेटीत जास्त. माझ्या मते विष त्या रंगात नाही. तो हवा म्हणून थोड्याच घरातल्या कुत्र्यांत पुन्हा पुन्हा संबंध लावले जातात, त्याची ही किंमत.

रंग आणि स्वभाव यांचा कुठेच धागा नाही, असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रशियात नोव्होसिबिर्स्कला १९५९पासून कोल्ह्यांवर प्रयोग चालला. निवडायचे ते फक्त माणसाला न बुजणारे. काही पिढ्यांत त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके यायला लागले. पण तिथे स्वभाव निवडला आणि रंग मागून आला. ठिपका बघून स्वभाव ओळखता येतो, असं त्यातून निघत नाही.

तू बघायचंस ते हे. पिल्लाची आई चालताना आणि पळताना बघ, बापही मिळाला तर उत्तम. पंजाची बोटं मिटलेली हवीत, फाकलेली नकोत. छाती खोल, पण पुढचे पाय सरळ. अनोळखी माणूस आला की आई काय करते? थोडी दूर राहून निरखणारी चालेल, कारवानी तशीच असते. थरथरणारी किंवा उगाच चावरी नको. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही असा नियम आहे, घाई करणाऱ्याला तो ऐकव. या चारांत मन नाही भरलं तर कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी कर. लांब पडेल, पण वंशावळ तरी कळेल.

फोटोंवरून मला तांबूस पिल्लू बरं वाटतंय, उभं राहण्याच्या ढबीवरून. पण फोटोवर मी शब्द देत नाही. रविवारी गेलीस की चौघांचे चालतानाचे व्हिडिओ पाठव, पांढऱ्याच्या नाकाचा आणि कानांचा जवळून फोटो काढ, आणि मला फोन केल्याशिवाय बयाणा देऊ नकोस.

आबांना नमस्कार.

तुझा,
काका