वाचकांचे प्रश्न : वराच्या कोटावरचे फूल

प्रश्न : पुढील महिन्यात माझा विवाह आहे. मी गडद निळा सूट घालणार आहे आणि वधूच्या पुष्पगुच्छात फिकट गुलाबी पिओनीची मोठी फुले असतील. माझ्या कोटावर लावायच्या फुलासाठी, म्हणजे बूटोनिअरसाठी, पिओनीच घ्यावे असे काही जण सांगतात. मला स्वतःला पांढरी लिली आवडते. समारंभ दुपारी सुरू होऊन रात्रीपर्यंत चालणार आहे. निवड कशी करावी?

उत्तर : रंगाचा विचार आपण थोडा पुढे ढकलू, कारण आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील ‘दुपारपासून रात्रीपर्यंत’ हा आहे. पुष्पगुच्छ मधल्या वेळेत पाण्यात ठेवता येतो. कोटावरच्या फुलाला ती सोय नसते. त्याचा देठ चार-पाच सेंटीमीटरवर कापून टेपने गुंडाळलेला असतो, त्यामुळे पाकळ्यांत आणि देठात जेवढे पाणी उरले असेल तेवढ्यावरच त्याला सहा-आठ तास काढावे लागतात. त्यातच शरीराची ऊब, ऊन आणि प्रत्येक आलिंगनाचा दाब यांचीही भर पडते. म्हणून पाणी मिळाले नाही तरी टिकणारे फूल आधी ठरवावे आणि त्याचा रंग नंतर पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर कार्नेशन आणि डेंड्रोबियम ऑर्किड सर्वांत पुढे आहेत. ऑर्किडच्या जाड, मेणचट पाकळ्यांतून पाणी सावकाश उडते, आणि कार्नेशनचा भरगच्च झुबका थोडा दबला तरी पुन्हा सावरतो. कार्नेशनला स्वस्त फूल समजून नाक मुरडले जाते, हे मला मनापासून खटकते, कारण कोटावर इतक्या निष्ठेने टिकणारी फुले फार थोडी आहेत. गुलाबही चांगला टिकतो, मात्र तो अर्धा उमललेला असावा. घट्ट कळी पाण्याविना उमलत नाही आणि मान टाकते, तर पूर्ण उमललेल्या गुलाबाच्या पाकळ्या दिवसभरात गळू लागतात. हायड्रेंजिया पाण्याविना फार लवकर मलूल होते. अनंताचा सुगंध कितीही मोहक असला तरी त्याच्या पाकळीला जिथे बोट लागते तिथे तपकिरी डाग पडतो, म्हणून ज्या दिवशी शंभर जण गळाभेट घेणार आहेत त्या दिवसासाठी ते फूल नको.

पिओनी नाकारण्याचे कारण तिचा आकार हे आहे. बूटोनिअर लॅपलच्या, म्हणजे कोटाच्या कॉलरखाली दुमडलेल्या पानाच्या, रुंदीत मावले पाहिजे. लॅपल साधारणपणे सात ते नऊ सेंटीमीटर रुंद असते आणि उमललेली पिओनी त्याहून मोठी असते. शिवाय तिच्या वजनाने कापड ओढले जाऊन लॅपल पुढे झुकते. वधूच्या गुच्छाशी नाते जुळवण्यासाठी तेच फूल लागते असे नाही, त्यातील रंगछटा पुरेशी असते. फिकट गुलाबी रंगाचा एक लहान गुलाब आणि त्यामागे गुच्छात वापरलेल्याच पाल्याचे एखादे पान एवढ्यानेही दोघांची फुले एकमेकांची वाटतील.

गडद निळ्या कोटावर फिकट गुलाबी रंग सुरेख उठून दिसतो. आपण गर्द लाल किंवा जांभळा रंग विचारला असता तर मी सावध केले असते, कारण गडद कापडावर असे फूल संध्याकाळच्या छायाचित्रांत काळ्या ठिपक्यासारखे दिसते.

लिली आपल्याला प्रिय आहे, पण तिच्या परागकणांचा नारिंगी डाग कापडावरून सहज जात नाही. तरीही तीच हवी असेल तर लहान जातीची निवडावी आणि फूल उमलताच, पराग सुटण्याआधी, परागकोश बोटांनी खुडून टाकावेत. पराग कोटावर पडलेच तर ते चोळू नयेत आणि पाणीही लावू नये. चिकटपट्टी हलकेच टेकवून ते उचलून घ्यावेत.

फुलवाल्याकडून एकसारखी दोन बूटोनिअर करून घ्यावीत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. दुसरे रात्रीच्या भेटीगाठींसाठी राखून ठेवता येते. गुलाब किंवा कार्नेशन असेल तर ते डबीत ओलसर कागदावर ठेवून फ्रिजमध्ये ठेवावे, पण त्या फ्रिजमध्ये सफरचंद किंवा केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यामुळे कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटतात. ऑर्किडला मात्र फ्रिजची थंडी बाधते, ते सावलीतल्या गार खोलीतच ठेवावे.

प्रश्न : भावाच्या लग्नात त्याच्या आणि वडिलांच्या कोटावर फूल लावण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या एका लग्नात मी लावलेले फूल दहा मिनिटांत उलटे लटकले होते. टाचणीऐवजी चुंबक वापरू का? वडिलांना पेसमेकर बसवलेला आहे.

उत्तर : वडिलांसाठी चुंबक मुळीच वापरू नका, आणि ज्यांच्या कोटाला चुंबक लावलेले आहे त्यांनीही त्यांना मिठी मारू नये. पेसमेकर बहुधा डाव्या छातीच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडाखाली बसवतात आणि बूटोनिअरची जागाही नेमकी तीच आहे. जोरदार चुंबक जवळ आल्यास यंत्राचे काम बदलू शकते, म्हणून तो किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवण्याची सूचना दिली जाते. आपल्या घरापुरते सर्वांनीच टाचण्या वापराव्यात, म्हणजे कोणावर लक्ष ठेवण्याची वेळ येणार नाही.

फूल उलटले ते एकाच टाचणीमुळे असावे, कारण एका टाचणीभोवती देठ फिरतो. डाव्या लॅपलवर जिथे काज असते (बूटोनिअर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ काज हाच आहे) तिथे देठ खाली ठेवून, लॅपलच्या कडेला समांतर असे फूल धरावे. मग टाचणी लॅपलच्या मागच्या बाजूने घालून कापडातून वर काढावी, देठाच्या जाड भागातून आरपार न्यावी आणि टोक पुन्हा कापडात खुपसून मागे आणावे. दुसरी टाचणी पहिलीला तिरकी छेदेल अशी लावावी. दोन्हींची डोकी आणि टोके मागेच राहतात, त्यामुळे पुढून काही दिसत नाही आणि भेटणाऱ्याला टोचतही नाही. काही कोटांचे काज उघडे असते आणि लॅपलमागे दोऱ्याचा लहानसा फासही असतो. तसे असेल तर नुसता देठ काजातून घालून फासात अडकवला तरी पुरते.

फूल सर्वांत शेवटी, गाडीतून उतरल्यावर लावावे. आधीच लावावे लागले तर भावाला गाडीत उजव्या बाजूच्या आसनावर बसवावे. तिथला सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून येतो आणि डाव्या लॅपलवरचे फूल त्याखाली चिरडत नाही.